टेपताईंचे पाच बांध

माझ्या नणंदेला सगळी वस्ती टेपताई म्हणते, कारण मापाची टेप त्यांच्या गळ्यातून आंघोळ आणि झोप सोडली तर उतरत नाही. मी त्यांना वन्सं म्हणते. आमच्या ह्यांच्यापेक्षा त्या आठ वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणतात, "माप जुळलं नाही," आणि लगेच शिवणाचं मशीन चालू करतात, म्हणजे पुढचा प्रश्न त्या खडखडाटात विरून जातो.

मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावला की पाच मिनिटं वही घेऊन बसते. आदल्या दिवशी कोण आलं, पाऊस किती झाला, कुणाचं पोट दुखलं, असं सगळं लिहिते. गेल्या वर्षभराची पानं उलटली तर निम्म्याहून जास्त पानांवर वन्संच आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच पानांना चिखलाची बोटं लागली आहेत. त्या पानांवरूनच हे लिहिते आहे.

चाळीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. आमच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली मशीन, फळीवर खडूचे डबे, कोपऱ्यात कापडाचे गठ्ठे. दोन गोष्टींत त्या कधी ढिल्या पडल्या नाहीत. खाली चार बोटं दुमड ठेवायचीच, म्हणजे पोर वाढलं की आईला ती सोडता येते. आणि शिलाई जराशी जरी वाकडी गेली तरी उसवायची, मग गिऱ्हाईक दारात उभं का असेना. एकदा मी म्हटलं, आतल्या बाजूची आहे, कुणाला दिसणार? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं भाजी चिरायला निघून गेले.

मग दुकानात तयार गणवेश आले. शाळेनं तिकडूनच घ्यायचं ठरवलं, आणि एका उन्हाळ्यात आमच्या दारी एकही गठ्ठा आला नाही. मशीनवर चादर पडली. वन्सं आठ दिवस खिडकीशी बसून होत्या. नवव्या दिवशी चपला घातल्या आणि उतारावर गेल्या.

उतार म्हणजे दोघा भावंडांच्या नावावरचा दोन एकरांचा तुकडा, वस्तीच्या मागे टेकडीच्या अंगावर. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याच्या खालच्या टोकाला एक काळा खडक जमिनीतून जेमतेम वीतभर वर दिसायचा. आम्ही त्याच्यावर डबा ठेवून जेवायचो. आता त्यावर चढून बसायला पाय उचलावा लागतो. खडक काही वाढला नाही, भोवतालची माती गेली. दर पावसाळ्यात ती ओघळांतून खाली नाल्यात जायची, नाला लालभडक व्हायचा, आणि आम्ही दारात उभं राहून म्हणायचो, यंदा पाणी चांगलं आलं. आमच्याच शेताला आम्ही हात जोडून निरोप देत होतो. पीक गुडघ्याच्या वर यायचं थांबलं होतं. आमचे हे शीतगृहात यंत्रावर कामाला, त्यांना शेतात लक्ष घालायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात वीटवाला आला. नाल्यापलीकडे त्याची भट्टी आहे. त्याला उताराची माती हवी होती, वरून कंबरभर खोल, एकदाच. मोबदल्यात बऱ्यापैकी रक्कम आणि घरावर नवं छप्पर. ह्यांनी अंगणात खुर्ची दिली, मी चहा दिला. हे म्हणाले, तशीही ती वाहूनच जातेय. वीटवाला म्हणाला, तेच तर, नाल्यात जाण्यापेक्षा भिंतीत गेलेली काय वाईट. बोलणं इतकं सरळ होतं की मलाही पटलं. छप्पर गळत होतंच.

वन्सं दारात उभ्या होत्या. तो गेल्यावर त्यांनी भावाला विचारलं, कंबरभर माती काढल्यावर खाली काय उरतं? मुरूम, हे म्हणाले. मुरुमात काय उगवतं? हे खुर्ची आवरायला लागले. मग वन्संनी एक पावसाळा मागितला. त्यांच्या वाट्याची सही त्यांच्याशिवाय होणार नव्हती, पण तो हट्ट त्यांनी धरला नाही. म्हणाल्या, "पाऊस संपेपर्यंत माती थांबवून दाखवली तर ती राहील. नाही थांबली तर मी स्वतः सही करते. पुन्हा तोंड उघडणार नाही."

"डोळ्यांनी दिसलं पाहिजे हां ताई," हे म्हणाले. "नुसतं 'मला वाटतं' चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी वन्सं तालुक्याच्या मृदसंधारणाच्या कार्यालयात गेल्या. तिथे एक म्हातारे मोजणीदार भेटले. निवृत्त होऊनही सवयीनं रोज येऊन बसतात म्हणे. त्यांनी तिथल्या अंगणात दोन लांब काठ्या वर एकत्र बांधून दाखवल्या, मध्ये एक आडवी काठी, आणि शेंड्यावरून दोरीला टांगलेला दगड. दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एकाच पातळीत. तिथे खुंटी ठोकायची, एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा, पुन्हा खुंटी. अशी खुंट्यांची ओळ टेकडीच्या अंगावरून एकाच उंचीनं जाते, आणि त्या ओळीवर बांध घातला की पाणी कुठेच पळत नाही, जिथे पडलं तिथेच मुरतं. ह्या यंत्राला कार्यालयात काहीतरी इंग्रजी नाव आहे. आम्ही तिला घोडी म्हणतो.

वन्संनी घरी येऊन घोडी बांधली, आणि आम्ही दोघी रोज सकाळी स्वयंपाक उरकला की उतारावर. वन्सं घोडी फिरवायच्या, मी खुंट्या ठोकायचे. प्रत्येक खुंटीला मी मनात एकदा देवाचं नाव घेत होते, त्यामुळे माझा जप त्या महिन्यात बराच पुढे गेला. पाच ओळी झाल्या. पण संध्याकाळी खाली उभं राहून बघितलं तर त्या ओळी सापासारख्या. इथे आत, तिथे बाहेर, एका ठिकाणी तर पार पोटात खड्डा पडल्यासारखी वळलेली.

वन्संचा चेहरा पडला. म्हणाल्या, ही काय शिलाई म्हणायची. मोजणीदारांनी बजावलं होतं, टोचणारा कोपरा जरा गोल करा, पण वळण सोडू नका. वन्सं म्हणाल्या, सरळ रेघ मारायला मला कुणी शिकवायला नको. मशीनच्या खणातला जाड दोरा काढला, एक टोक माझ्या हातात दिलं, एक त्यांच्या, आणि आम्ही पाचही ओळी ताणून सरळ केल्या. ज्या खुंट्या दोऱ्याबाहेर होत्या त्या उपटून दोऱ्यात आणल्या. दोऱ्याचं दुसरं टोक मी धरलं होतं, हे मी लपवणार नाही. त्या दिवशीच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय: "फार सुंदर दिसतंय. देवाची कृपा."

मग बांधांचं काम. दोन मजूर बायका लावल्या होत्या, पण कुदळ आधी वन्संच्याच हातात. हातांना फोड आले. सुईचे हात ते, त्यांनी कधी घमेलं उचललं नव्हतं. तरी रोज ठरलेलं माप झाल्याशिवाय खाली उतरायच्या नाहीत. टेपेनं बांधाची रुंदी मोजायच्या, उंची मोजायच्या. वरच्या शेतातला गवळी आपल्या म्हशी घेऊन वाटेवरून जाता जाता थांबायचा. "टेपताई, माझ्या म्हशीला झबलं शिवता का? माप देतो," म्हणायचा. वन्सं मान वर न करता म्हणायच्या, आधी म्हशीला विचारून ये, तिला कॉलर हवी का. ह्यांनी एकदा सुट्टीच्या दिवशी येऊन बघितलं, पाच बांध एकाखाली एक, पट्टीनं आखल्यासारखे. म्हणाले, "आता इस्त्री तेवढी फिरवायची राहिली." पण आवाजात जरा कौतुक होतं, मी ओळखते.

माती थांबतेय की नाही हे डोळ्यांना दिसावं म्हणून वन्संनी एक काचेची बरणी घेतली. पाऊस झाला की शेताच्या खालच्या टोकाला जे पाणी बाहेर पडेल ते बरणीभर आणायचं, स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन दिवस हलवू न देता ठेवायचं, आणि तळाशी बसलेला गाळ टेपेनं मोजायचा. मोजायचं वन्संनी आणि लिहायचं मी, असं ठरलं. ह्यांना रोज जेवताना ती खिडकी समोरच येते.

पहिल्या दोन सरी बांधांनी मुकाट जिरवल्या. खाली पाणी आलंच नाही. त्या दिवशी वन्संनी चहात साखर जास्त घातली. तिसरा पाऊस दुपारी आला, तासभर, आडवा. आम्ही खिडकीतून बघत होतो. वरून दुसऱ्या बांधाचा मधला भाग एकदम खचला, तिथून पाणी तिसऱ्यावर पडलं, तिसरा गेला, मग चौथा. बघता बघता उताराच्या मधोमध एक नवी ओघळ उभी फाटली. आधीच्या सगळ्या ओघळींपेक्षा रुंद. बरणीत गाळ चार बोटं बसला. बांध घालण्याआधीही कधी इतका बसला नसता.

हे जेवताना बरणीकडे बघत राहिले. टोचून बोलले असते तर बरं झालं असतं. फक्त एवढंच म्हणाले, वीटवाल्याला निरोप धाडू का? वन्सं म्हणाल्या, पाऊस अजून संपलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मला काही राहवलं नाही. त्यांच्या फोड आलेल्या हातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मी म्हटलं, वन्सं, राहू द्या आता, देवाच्या मनात नसेल.

वन्सं चिखलात उकिडव्या बसून फुटलेल्या बांधाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "देवाच्या मनात काय आहे ते पाण्यानं सांगितलंय, बाई. ऐकायचं मीच राहिले. जा, घोडी आण."

घोडी आणली. त्यांनी ती बांधाच्या टोकापासून ठेवत ठेवत मधे आणली. जिथे बांध फुटला तिथे दोरी खुणेपासून तीन बोटं सरकली. म्हणजे आमचा सरळ बांध तिथे सखल जागेवरून गेला होता. जिथे आधी खुंट्या पोटात वळल्या होत्या, तीच ती जागा. सगळ्या बांधाचं पाणी त्याच्या कडेकडेनं पळत तिथे गोळा झालं आणि भार सहन न होऊन बाहेर पडलं. टेकडीचा बाक आम्हाला चूक वाटला होता. देवानं टेकडी एकही सरळ केली नाही, हे रोज सकाळी त्याचं नाव घेणाऱ्या माझ्या तरी लक्षात यायला हवं होतं.

वन्सं उठल्या. गुडघे झटकले. "कापड तिरकं होतं," म्हणाल्या, "आणि मी उभी शिलाई मारली. चूक उताराची नाही, माझ्या डोळ्याची. उसवायचं."

"किती?" मी विचारलं.

"पाचही."

मी हिशेब केला नाही, नाहीतर तिथेच बसले असते. पुढच्या पावसाला किती दिवस आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. मजूर बायका पेरण्यांना गेल्या होत्या. आम्ही दोघी सकाळी सहाला वर जायचो आणि स्वयंपाकापुरतं मी खाली यायचे. वन्सं यायच्याच नाहीत, डबा वर जायचा. ह्या वेळी त्यांनी दोरा घरीच ठेवला. घोडीनं जिथे सांगितलं तिथेच खुंटी, मग ओळ कितीही वेडीवाकडी दिसो. मला माहीत आहे त्यांना ते किती जड गेलं. दर पाच-सहा खुंट्यांनंतर त्या मागे वळून बघायच्या आणि नाक मुरडून पुन्हा पुढे बघायच्या. एकदा तर पाठ करूनच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तूच ठोक, माझ्यानं बघवत नाही.

जुना बांध मोडून तीच माती नव्या ओळीवर टाकायची. ओली माती दुप्पट जड. चार दिवसांत दीड बांध झाला. पाचव्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तर हे कामावर जायच्या कपड्यांऐवजी जुनी पँट घालून उभे. मी डब्यात दोन भाकऱ्या जास्त घातल्या. वर गेल्यावर वन्संनी नुसतं फावडं पुढे केलं. हे अर्धा तास काम करून म्हणाले, "ताई, हे वाकडं दिसतंय."

"दिसू दे," वन्सं म्हणाल्या. "तुझं नाकही वाकडंच आहे, श्वास येतो ना?"

ह्यांनी आठवडाभर रजा काढली. चौथा बांध संपवून पाचव्याला हात घातला तेव्हा ढग आले. आम्ही पाचवा अर्धाच केला. प्रत्येक बांधाच्या एका टोकाला वन्संनी दगड रचून उतरती वाट ठेवली होती, जास्तीचं पाणी निघायला. आणि बांधांच्या वरच्या कडेला मुळांनी माती धरून ठेवावी म्हणून नाल्यातून आणलेले वाळ्याचे ठोंब लावले होते, एक वीत अंतरानं, टेपेनं मोजून. तेवढी एक ओळ मात्र त्यांनी जीव लावून लावली.

तो पाऊस तीन दिवस पडला. मी तीन दिवस देवापुढचा दिवा विझू दिला नाही, आणि वन्संनी तीन दिवस छत्री खाली ठेवली नाही. हातात कुदळ घेऊन बांधावरून बांधावर फिरत होत्या. कुठे उंदराचं बीळ दिसलं की दाबून टाकायच्या. अर्धवट पाचवा एका बाजूनं वाहून गेला. वरचे चार जागचे हलले नाहीत. त्यांच्या पोटात पाणी तळ्यासारखं आडवं उभं राहिलं होतं, टेकडीच्या अंगाप्रमाणे वळत, आणि दगडांच्या वाटेनं हळूहळू खाली उतरत होतं. बरणीत गाळ अर्धा बोट बसला. ह्यांनी जेवताना बरणी उचलून उजेडाकडे धरली, आणि तशीच अलगद परत ठेवली.

पावसाळा ओसरल्यावर वीटवाला स्वतःच आला. हे त्याला उतारावर घेऊन गेले. मागोमाग वन्सं आणि मी. बांधांच्या वरच्या बाजूला गाळ थरानं बसला होता, मऊ, काळसर, पाय ठेवला की टाच बुडत होती. वीटवाल्यानं मूठभर उचलून चुरडली, वास घेतला. त्याला मातीतलं कळतं, हे मान्य करायला हवं. म्हणाला, ही तर आधीपेक्षा चांगली झाली. मी सांगितलं होतं त्याच्या दीडपट देतो.

असं होईल हे मी धरलं नव्हतं. वन्संनीही नाही. माती थांबवली म्हणून तिची किंमत वाढली, आणि किंमत वाढली म्हणून ती जाणार, असं काहीतरी होऊन बसलं होतं. दीडपट म्हणजे छप्पर आणि वर बरंच काही. ह्यांनी खाली घराकडे बघितलं. तिथून आमचं छप्पर दिसतं, मी पाऊस अडवायला टाकलेला निळा कागद दिसतो. ते इतका वेळ बघत होते की मी डोळे मिटून घेतले.

वन्सं शांतपणे म्हणाल्या, "थांबली तर राहील, असं ठरलं होतं. थांबलीय."

वीटवाला हसून म्हणाला, ताई, घरातल्या घरात काय ठरतं आणि काय मोडतं. ह्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं. वाकून वाळ्याच्या ठोंबापासचा एक दगड उचलला, त्याच्या जागी नीट बसवला आणि म्हणाले, "तुम्ही दुसरीकडे बघा. आम्हाला पेरायचंय."

वीटवाला तरी थोडा वेळ थांबला, माणसं मागे फिरतात असा त्याचा अनुभव असावा. मग हात झटकून गेला. उतरताना हे माझ्यावरच करवादले, निळा कागद बदलायला हवा, दोन वर्षं होऊन गेली, कुणाचं लक्षच नाही. मी हो म्हटलं. माझं मन भरून आलं होतं, त्यामुळे काहीही म्हणाले असते तरी मी हो म्हटलं असतं.

वन्संनी भावाचे आभार मानले नाहीत. पेरणी पाचव्या बांधाच्या वर करायची की खाली, एवढंच विचारलं. मग टेकडीच्या माथ्याकडे बोट केलं. पाचवा बांध का गेला ते त्यांनी शोधून काढलं होतं. गवळ्याच्या म्हशींची वाट वरून चार बांधांच्या बाजूनं येऊन पाचव्याच्या कोपऱ्यावर आमच्या शेतात उतरते, आणि वरचं सगळं पाणी त्या वाटेनं धावत येऊन त्याच कोपऱ्यावर आपटतं. आपण आपल्यापुरते किती बांध घालणार, त्या म्हणाल्या, पाणी तर त्याच्याकडून येतंय. उद्या तुझी सुट्टी आहे ना, मग सकाळी वर चल.

म्हशींची वाट वळवून त्याच्याही शेतात ओळी लावायच्या म्हटल्यावर गवळी आधी अडून बसला. त्याची जमीन, त्याच्या म्हशी, त्यांना वळसा पडेल तो कोण चालणार. वन्संनी त्याला आमच्या बांधावर आणून वाळा दाखवला. म्हणाल्या, तुझ्या जमिनीवर दोन ओळी लावू दे, वरचा पाला तुझ्या म्हशींचा, मात्र हातभर उंच राखून कापायचा, मुळाला हात लावायचा नाही. गवळ्यानं डोकं खाजवलं. म्हणाला, टेपताई, तुम्ही एकदा आत शिरलात की मग बाहेर कधी पडणार?

"काम झाल्यावर," वन्सं म्हणाल्या आणि घोडीचा एक पाय त्याच्या हातात दिला. "हा इथं धर. हलवू नकोस."

ह्यांनी खुंट्यांचा भारा खांद्यावरून उतरवला. माझ्याकडे वळून वन्संनी सांगितलं की चहा वरच घेऊन ये आणि गवळ्याचाही एक कप आण, आज जेवायला खाली येणं काही होत नाही.